‘मोडीत काढणे’चा मोडी लिपीशी काय संबंध?

देगलूर नाका: काल इथं गटावर एकानं लिहून ठोकून दिलं की गाडी ‘मोडीत काढणे’ हा शब्द मोडी लिपीवरून आलाय, लिपी बंद पडली, तेव्हापासून जुनं ते सगळं मोडीत. लोक वाहवा करायलेत! अरे, मोड म्हणजे फुटकी-तुटकी भांडी. माझी आजी चेपलेला हंडा, बूड गेलेली कळशी घेऊन कासाराकडं जायची. तो तागडीत घालायचा, मोडीचा भाव लावायचा आणि नव्या घागरीचे वरचे पैसे मागायचा. भिंत–भिंतीत, तशी मोड–मोडीत. सोनाराकडं जुनी बोरमाळ मोडीत घालतात, ती काय लिपीत घालतात?

देवगिरी: ते लिहिणारा मीच. मोडी हे नावही अक्षरं मोडून लिहायची म्हणूनच पडलं, असं सांगतात. मग संबंध नाही कसा? आमच्या आजोबांचे मोडी कागद रद्दीवाल्यानं पोत्यात भरून नेले, ते मी या डोळ्यांनी पाहिलंय.

देगलूर नाका: त्याचं वाईट मलाही वाटतं. पण मग दोन्ही ‘मोडणे’ची लेकरं झाली. भावाला बाप म्हणू नका, एवढंच.

उदगीरकर: मोडीत कोण म्हणतं आता? भंगारात काढणे म्हणा. आणि आमच्या सीमेवर बघा, कन्नडमध्ये बंगार म्हणजे सोनं, तेलुगूत बंगारम म्हणजे सोनं. कोकणीतही भांगर म्हणजे सोनंच. आपला भंगार तिथलाच! जुन्या सोन्याची मोड, ती भंगार.

परभणी: नुसत्या उच्चारावर नाती जुळवू नका. तो बंगार संस्कृत भृंगारकडं जातो, भृंगार म्हणजे सोन्याची झारी. आपल्या भंगारात सरळ ‘भंग’ दिसतो.

उदगीरकर: दिसतो म्हणजे सिद्ध झालं का? आम्ही रोज दोन भाषा बोलतो. तुम्ही पुस्तकातून आम्हाला शिकवायलेत!

परभणी: माझं आजोळ बिलोलीचं आहे. तेलुगू कानावर घेऊनच वाढलोय. आवाज चढवल्यानं व्युत्पत्ती बदलत नाही.

निवृत्त लिपिक: तुम्ही सोन्यात अडकलात. कागदावर मोडीतही नाही, भंगारही नाही. शब्द आहे ‘निर्लेखन’. वस्तू दप्तरातून काढून टाकणे. १ एप्रिल २०२३पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढं चालत नाही, तेव्हापासून हा शब्द जास्तच दिसतो. निर्लेखन झालेली जीप लिंबाखाली वर्षानुवर्षं उभी राहते, टपावर कोंबड्या बसतात. लोखंड तिथंच, नाव गेलेलं.

देगलूर नाका: असला शब्द आईच्या तोंडी कधी येणार? ‘राइट ऑफ’ला घडवलेला सरकारी शब्द तो.

जालना सळई: हसू नका त्या शब्दाला. वडिलांचा टेम्पो आम्ही किलोवर विकला. कटरवाल्यानं निळ्या ज्वाळेनं केबिन उभी चिरली. रंग फुगून सोलला, आतून आईनं लावलेली लक्ष्मीची तसबीर निघाली. माल भट्टीला गेला, सळई झाला. आम्ही मोकळे झालो म्हणालो. पुढं चार वर्षं त्याच टेम्पोच्या कराच्या नोटिसा आल्या. चॅसिस नंबरचा तुकडा कापून जमा केला नव्हता, नोंदणी रद्द करून घेतली नव्हती. वडील तोवर गेले होते. खेटे मी मारले. गाडी मोडीत निघाली होती, निर्लेखन झालं नव्हतं.

परभणी: आता २०२१च्या नियमांप्रमाणं जुनी गाडी नोंदणीकृत भंगार केंद्रातच द्यावी लागते, तिथं ठेवीचा, म्हणजे गाडी जमा केल्याचा, दाखला मिळतो.

जालना सळई: तेव्हा कुठं होतं हे?

देगलूर नाका: बरं. कागदापुरतं निर्लेखन मानतो. बोलताना मात्र मी मोडीतच म्हणणार.

देवगिरी: आणि मी लिपीचं वाक्य काढून टाकलंय. आजोबांच्या कागदांचं ठेवलंय.

उदगीरकर: भंगारचं अजून मिटलं नाही हां.