मदत हवी आहे: कोळंबी-तिसऱ्यांचा क्रीमी पास्ता

नमस्कार मंडळी. रविवारी भाचरं येणार आहेत आणि त्यांना हुमण-भात (आमची नारळातली माशांची आमटी नि भात) नको, पांढऱ्या सॉसमधला पास्ता हवाय. (गोव्यात येऊन हुमण नको म्हणतात, काय बोलायचं!) कोळंबी, तिसऱ्या आणि थोडी माणकी (स्क्विड) म्हापशाच्या बाजारातून आणेन. १ जूनपासून ट्रॉलर बंद, म्हणून हौस आत्ताच भागवायची.

खरी काळजी सॉसची. आमच्या दुकानात २५ टक्के फॅटचं, डब्यातलं क्रीम मिळतं. ते आंबट घालून उकळलं की फुटतं म्हणतात. मग गॅस बंद करून क्रीम आणि पास्त्याचं पिठूळ पाणी एकत्र घातलं तर धरून राहील का? की आधी लोण्यावर चमचाभर मैदा परतून घेऊ? सासूबाईंना वाइन चालत नाही, तेव्हा आंबटपणाला शेवटी लिंबूच. आगळ (कोकमाचा रस) सुचवू नका, सॉस गुलाबी होईल.

तिसऱ्या वाफवल्यावर सुटणारं पाणी मी टाकणार नाही, सगळी चव त्यातच. पण ते खारट असतं, तर पास्ता उकळताना मीठ किती कमी करू?

माणकी कोळंबीबरोबरच टाकायची की अगदी शेवटी? चामट झाली तर कुणी खाणार नाही. आणि इटलीत मासळीच्या पास्त्यावर सहसा चीज घालत नाहीत हे ठाऊक आहे, पण मुलं मागणारच. सॉसमध्ये घालू की वरून देऊ?

ज्यांनी घरी केलाय त्यांनीच सांगा, व्हिडिओची लिंक नको.