शेजारच्या आंटींनी दिलेला चिनी काढा बाबांच्या दम्याला द्यावा का?

मृणाल_सिंगापूर:
माझे बाबा (वय ७१) गेल्या महिन्यात साताऱ्याहून आमच्याकडे सिंगापूरला आले आहेत. त्यांना जुना दमा असून रक्तदाबाची गोळी रोज चालू आहे. इथे आल्यापासून रात्री खोकल्याची ढास लागते आणि पहाटे छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. शेजारच्या चिनी आंटींनी फार मायेने दोन गोष्टी आणून दिल्या: पेइ पा को नावाचे काळपट, मधासारखे दाट औषध आणि त्यांच्या यजमानांना वैद्यांनी दम्यासाठी लिहून दिलेल्या काढ्याच्या तीन पुड्या. एक पुडी उघडली, तर त्यात हिरवट-पिवळ्या बारीक काड्या, बदामासारख्या लहान बिया, पांढऱ्या दगडाचा चुरा आणि ज्येष्ठमधाच्या चकत्या होत्या. हे बाबांना देण्यात काही धोका आहे का?

अनिरुद्ध_चेंगदू:
तुमच्या वर्णनावरून ही पुडी मा-शिंग-शी-गान काढ्याची वाटते. एखादी काडी मोडून पाहा. आत लालसर गाभा दिसला, तर ती माहुआंग, म्हणजे एफेड्रा, असण्याची शक्यता बरीच आहे. बिया कडू जर्दाळूच्या, दगड जिप्समचा. हान राजवटीच्या अखेरीस झांग झोंगजिंग यांनी दिलेल्या कृतीत जर्दाळूच्या बिया ५० सांगितल्या आहेत. माहुआंग आधी एकटे उकळून वर येणारा फेस काढून टाकावा आणि मगच बाकीची द्रव्ये घालावीत, असेही तिथे लिहिले आहे.

या काडीचा गुण खरा आहे. १८८५ मध्ये नागाई नागायोशी या जपानी रसायनशास्त्रज्ञाने तिच्यातून एफेड्रिन वेगळे केले आणि १९२० च्या दशकात बीजिंगच्या युनियन मेडिकल कॉलेजात चेन व श्मिट यांनी त्याच्या परिणामांचा अभ्यास केल्यावर ते पाश्चात्त्य वैद्यकातही दम्यासाठी वापरले जाऊ लागले. मात्र श्वासनलिका मोकळ्या करणारे हेच द्रव्य रक्तदाब वाढवते आणि हृदयाचे ठोके जलद करते. शिवाय चिनी वैद्य सगळ्या खोकल्यांना एक मानत नाहीत. हा काढा छातीत उष्णता आणि घट्ट पिवळा कफ असताना देतात. पाण्यासारखा पांढरा कफ असेल, तर सुंठ आणि दालचिनी असलेला वेगळा काढा असतो. आंटींच्या यजमानांची नाडी पाहून बांधलेली पुडी तुमच्या बाबांसाठी नाही, हे तिथला जाणता वैद्यही सांगेल.

डॉ_वैशाली_पुणे:
अनिरुद्ध यांनी सांगितलेल्या माहुआंगमुळे या वयाच्या पुरुषांना लघवी अडकण्याचाही त्रास होऊ शकतो. त्यातच ज्येष्ठमध रोज पोटात गेला, तर शरीरातील पोटॅशियम कमी होते आणि रक्तदाब आणखी चढतो. आपल्याकडेही तो घरोघरी चघळला जातो, त्यामुळे त्याची भीती कुणालाच वाटत नाही. रक्तदाबाच्या रुग्णांना मला हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते. कडू जर्दाळूच्या बियांमधून शरीरात सायनाइड तयार होते, म्हणून त्यांचे प्रमाण अंदाजाने ठरवण्याची मुळीच सोय नाही. पुड्या देऊ नयेत.

पेइ पा को या काढ्याहून बरेच सौम्य आहे. त्यात लोकाटची पाने, चुआन बेइमूचे कंद आणि मध असतो; घसा त्याने निवतो. पण मध आणि साखर भरपूर असल्यामुळे बाबांना मधुमेह असेल, तर तेही टाळावे. पहाटेचा शिट्टीचा आवाज मात्र दमा आटोक्यात नसल्याची खूण आहे. बाबा इनहेलर रोज घेतात का, आणि औषध आत ओढल्यावर श्वास काही क्षण रोखून धरतात का, हे आजच समोर बसून पाहा आणि याच आठवड्यात त्यांना डॉक्टरांना दाखवा. एक वाक्य सलग बोलता येईना किंवा ओठ निळसर दिसू लागले, तर थांबू नका, ९९५ ला फोन करा.

प्रभाकर_क्वालालंपूर:
ओळखीतून आलेल्या तयार कॅप्सूलच्या वाटेलाही जाऊ नका. माझ्या आईसाठी 'शुद्ध वनस्पतींच्या' म्हणून आम्ही अशा कॅप्सूल घेतल्या. आठवड्यात दमा थांबला, आम्हाला आनंद झाला, आणि तीन महिन्यांत तिचा चेहरा गोल, सुजल्यासारखा झाला. तपासणीत त्या गोळ्यांत स्टेरॉइड मिसळलेले निघाले. ते एकदम बंद करणेही घातक असल्यामुळे डॉक्टरांनी मात्रा हळूहळू उतरवत आणली आणि आईचे ते सारे महिने फार हालात गेले.

अनिरुद्ध_चेंगदू:
खोकल्यावरच्या जुन्या नुसख्यांत मादौलिंग नावाचे फळही असते. त्यातील अरिस्टोलोचिक आम्ल मूत्रपिंड निकामी करते, म्हणून चीनच्या २०२० च्या औषधसंहितेतून ते वगळले आहे. जुन्या घरगुती डब्यांत ते अजून सापडू शकते.

मृणाल_सिंगापूर:
काडी मोडून पाहिली, गाभा लालसरच निघाला. बाबांना समोर बसवले, तर ते इनहेलर दाबत होते पण श्वास आत ओढतच नव्हते, औषध सगळे जिभेवर. उद्या सकाळी दहाची वेळ मिळाली आहे. आंटींना रक्तदाबाचे सांगितल्यावर त्यांनी पुड्या लगेच परत घेतल्या आणि संध्याकाळी खडीसाखर घालून वाफवलेले नाशपाती पाठवले. साखर नुकतीच तपासली होती, ती ठीक आहे, म्हणून बाबांना ते दिले.