ओढेल हो, पण पेलेल का?
ब्रोशरमध्ये ओढण्याची क्षमता ७००० पौंड लिहिलीय, म्हणून जुन्या हाफ-टन (हलक्या वर्गातल्या) पिकअप ट्रकला ६००० पौंडांचा कॅम्पर (मागे जोडायचा, राहण्याची सोय असलेला ट्रेलर) चालेल, असं काही जण म्हणतात. पण कॅम्परचा १२-१३ टक्के भार हिचवर (ट्रकच्या मागच्या जोडणीवर) येतो, म्हणजे साधारण ७५० पौंड. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर पेलोड (ट्रक स्वतःवर पेलू शकेल ते वजन) १४०० पौंड असेल, तर चार माणसांचे ६०० आणि वेट-डिस्ट्रिब्युशन हिचचे (भार सगळ्या एक्सलवर वाटणाऱ्या जोडणीचे) १०० वजा करून उरले ७००. खाण्यापिण्याची बर्फपेटी ठेवायच्या आधीच हिशोब तुटीत! ट्रक स्टॉपच्या काट्यावर एक्सलनिहाय (चाकांच्या प्रत्येक जोडीवरचं) वजन करून घ्या.

हिचवरचा भार घटवायला कॅम्परमधलं सामान मागे सरकवू नका. भार १० टक्क्यांखाली गेला की ट्रेलर झोकांड्या खाऊ शकतो. तसं झालंच तर ट्रकचा ब्रेक दाबायचा नाही. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा आणि ब्रेक कंट्रोलरचा लिव्हर हाताने सरकवून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा.

चढावर ओव्हरड्राइव्ह (सगळ्यात वरचा गिअर) बंद ठेवा. गिअर सारखा वर-खाली होत राहिला की ट्रान्समिशनचं तेल तापून जळतं. ते तेल थंड करणारा वेगळा कूलर नसेल तर आधी तो बसवा, इंजिनची ताकद वाढवायच्या भानगडी नंतर.