रन्क्स-१ हे जनुक नसलेल्या झेब्राफिशमध्ये (प्रयोगशाळेतला छोटा मासा) रक्त आधी दिसतं, मग जातं कुठे?

प्रश्न: दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली शेपटीतून लाल पेशी छान वाहत होत्या. दहाव्या दिवशी त्याच पिल्लांच्या वाहिन्या रिकाम्या! जनुकच निकामी आहे, तर सुरुवातीचं रक्त आलं कुठून? माझं जीनोटायपिंग (कोणत्या पिल्लात जनुक निकामी आहे याची डीएनए तपासणी) चुकलं का? दोन रात्री हेच डोक्यात आहे.

उत्तर: जीनोटायपिंगवर इतक्यात संशय घेऊ नकोस. रक्त दोन लाटांत तयार होतं. पहिल्या लाटेतल्या लाल पेशींना गाटा-१ हे दुसरं जनुक लागतं, रन्क्स-१ नाही. दुसरी लाट पाठीकडच्या महाधमनीच्या खालच्या भिंतीतून येते: अस्तराची पेशी वाकते, भिंतीतून सुटते आणि मूळपेशी बनते, म्हणजे जिच्यापासून पुढच्या रक्तपेशी तयार होतात ती. हे २०१० मध्ये जिवंत भ्रूणात प्रत्यक्ष पाहिलं गेलं. मला आजही ते दृश्य विलक्षण वाटतं. रन्क्स-१ नसेल तर ही सुटका नीट होत नाही. पहिल्या पेशी संपतात, भर घालायला कोणी नसतं.

दुसरं उत्तर: गाटा-१ चा 'व्लाड टेपेस' म्यूटंट (ते जनुक बिघडलेला झेब्राफिश) शेजारी ठेवून बघ. त्यात सुरुवातीपासूनच लाल पेशी जवळजवळ नसतात, तरी हृदय धडधडतं. भ्रूण इतका लहान की पाण्यातला ऑक्सिजन थेट झिरपतो, म्हणून काही दिवस निभतं. आणि रिकामी पिल्लं फेकू नकोस! रन्क्स-१ च्या काही म्यूटंटमध्ये रक्त परत येतं, ती प्रौढही होतात.

प्रश्नकर्ती: बापरे, मी उद्याच टाकणार होते. वेगळ्या टाकीत ठेवते, रोज बघते.