ऑलिंपिकला पडदा एकच असेल तर काय लावायचं? माझं मत: नेमबाजीची अंतिम फेरी

बालेवाडीकर

लॉस एंजेलिसचं ऑलिंपिक १४ ते ३० जुलै २०२८. अवकाश आहे, पण सोसायटीच्या क्लबहाऊसला पडदा एक आणि रिमोटवर हक्क सांगणारे पन्नास. तेव्हा पुण्याच्या रिवाजाप्रमाणे वाद आधीच सुरू करून ठेवतो.

माझं म्हणणं असं की चारचौघांनी मिळून बघायला नेमबाजीच्या अंतिम फेरीसारखा खेळ ऑलिंपिकमध्ये दुसरा नाही. त्यातही ५० मीटर रायफल थ्री पोझिशन.

'त्यात बघायचं काय, माणूस नुसता उभा' हे नेहमीचं ऐकून झालंय. माणसाकडे बघायचंच नसतं. बघायचं ते पडद्याच्या कडेच्या गुणतक्त्याकडे आणि सेकंदांच्या घड्याळाकडे. पॅरिसची रचना घ्या. अंतिम फेरीत आठ जण, पात्रता फेरीचे गुण पुसलेले, सगळे शून्यावर. आधी गुडघ्यावर बसून १५ गोळ्या, मग पालथं झोपून १५, मग उभ्यानं. उभ्याच्या १० झाल्या, म्हणजे एकूण ४०, की शेवटचे दोघे बाद. तिथून पुढे एकेक गोळी, प्रत्येकीला ५० सेकंद, आणि दर गोळीला तळाचा एक घरी. ४५वी गोळी फक्त दोघांची. गुण दशांशात, जास्तीत जास्त १०.९. पन्नास मीटरवरचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर, जेमतेम सेंटिमीटरभर.

ही खुबी शेवटी उभं राहण्यात आहे. बसून आणि झोपून मारताना दंडाला पट्टा अडकवता येतो, रायफल त्यावर तोलली जाते. उभ्यानं पट्टा नाही. झोपून सलग १०.४, १०.५ मारणारा माणूस उभ्यानं एक ८.९ मारतो आणि तासाभरात जमवलेली आघाडी एका गोळीत संपते.

स्वप्नील कुसाळे, १ ऑगस्ट २०२४, आपल्याकडे दुपारी एक. पात्रता फेरीत ५९० गुणांनी सातवा. ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर ५८९, अकरावा, बाहेर. एका गुणाचा खेळ! अंतिम फेरीत स्वप्नील गुडघ्यावर १५३.३ घेऊन सहावा, झोपून झाल्यावर ३१०.१ आणि पाचवा, आणि शेवटी ४५१.४वर कांस्य. हे सगळं आकड्यांत घडत होतं आणि आकडे सगळ्यांना एकदमच दिसतात. शेजारच्या काकूंनाही समजावून सांगावं लागत नाही.

लालमाती

गुणतक्ताच बघायचा तर शेअर बाजार लावा की, फुकट असतो.

खेळ म्हणजे दोन माणसं एकमेकांना भिडली पाहिजेत. कुस्तीचे पॅरिसचे दोन-चार मिनिटांचे तुकडे दाखवतो, मग बोला. विनेश फोगाट विरुद्ध युई सुसाकी, ५० किलो, पहिलीच फेरी. सुसाकी तोवर ८२ आंतरराष्ट्रीय लढतींत एकदाही हरलेली नव्हती. कुस्ती संपत आली तरी सुसाकी २-० पुढे, आणि ते दोन्ही गुण डाव मारून आलेले नव्हते. विनेश बचावात राहिली म्हणून मिळालेले. आक्रमण कमी दिसलं की पंच आधी ताकीद देतात, मग ३० सेकंदांचं घड्याळ लावतात. तेवढ्यात त्या मल्लानं गुण केला नाही तर समोरच्याला १. विनेशनं ते दोन्ही सोडून दिले, दम राखला आणि शेवटची काही सेकंदं उरली असताना सुसाकीला खाली घेतलं. २ गुण. जपानच्या बाजूनं चॅलेंज टाकलं, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासा म्हटलं, ते फेटाळलं गेलं, त्याचा दंड १. विनेश ३-२.

दुसरं, टोकियो. रवी दहिया ५७ किलोच्या उपांत्य फेरीत २-९ मागे होता. आणखी एक गुण गेला असता तरी कुणाला नवल वाटलं नसतं. त्यानं कझाकस्तानच्या सानायेवचे खांदे गादीला टेकवले, चीतपट, गुणतक्ता गेला खड्ड्यात. तुमच्या नेमबाजीत सात गुणांनी मागे पडलेला माणूस शेवटच्या गोळीला जिंकतो का? नाही. १०.९च्या वर गोळीच नाही.

सदाशिव_पेठी

लालमाती, चीतपट मान्य. पण तुमच्याच उदाहरणातली मेख तुम्ही गाळली. चॅलेंज पडण्याआधी फलक २-२ होता. तिथेच वेळ संपली असती तर कोण जिंकलं असतं? गादीजवळ बसलेल्याला माहीत, पडद्यासमोरच्या शंभरांतल्या नव्वदांना नाही. गुण बरोबरीत आणि एकाचा हात वर, असलं काही सामान्य प्रेक्षकाच्या गळी उतरत नाही. शिवाय मातीतली कुस्ती बघून मोठे झालेल्यांना गादीवर बाहेर ढकलल्याचा १ गुण बघून पोटात दुखतं ते वेगळंच.

लालमाती

नियम साधा आहे, लिहून घ्या. बरोबरी झाली तर आधी बघायचं मोठ्या किमतीचा डाव कुणाचा. विनेशचा एक डाव २ गुणांचा, सुसाकीचे १-१ असे दोन. म्हणून २-२लाही विनेशच. तेही सारखं असेल तर ताकिदी कुणाला कमी. तेही सारखं तर शेवटचा गुण ज्याचा, कुस्ती त्याची. म्हणूनच १-१ असताना ज्याचा गुण आधीचा, तो मल्ल शेवटच्या मिनिटात वेड्यासारखा पटात, म्हणजे समोरच्याचे पाय धरायला, शिरतो. हे एकदा कळलं की शेवटची वीस सेकंदं कोण कशासाठी धडपडतोय ते बरोबर दिसतं.

बाकीचं पण घ्या: ३ मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये ३० सेकंद. एकेरी किंवा दुहेरी पट काढून खाली घेतलं की २. खाली घेतल्यावर पाठ गादीकडे फिरवली की दर वेळी २. उचलून आपटलं तर ४, फार मोठ्या फेकीला ५. फ्रीस्टाइलमध्ये १० गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपली. अर्ध्या पानात मावतं. बाहेर ढकलण्याच्या गुणावर मात्र मीही नाराज आहे, पण तो नसता तर आघाडीवरचा मल्ल कडेकडेनं फिरत बसला असता. तालमीत वस्ताद ओरडून आत आणतात, गादीवर तेच काम त्या एका गुणाला दिलंय.

सदाशिव_पेठी

आणि वजनाचं? तीन कुस्त्या जिंकून अंतिम फेरीत आलेली मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी १०० ग्रॅम जास्त भरली म्हणून थेट तळाला. क्लबहाऊसमध्ये लोक सुवर्णलढतीची वाट बघत होते, आणि लढतच नाही. बघणाऱ्याच्या दृष्टीनं याहून वाईट काय असतं?

लालमाती

ते दुःख कुस्तीचं, प्रेक्षकाचं नाही. वजन दोन्ही दिवशी सकाळी होतं हे सगळ्या मल्लांना ठाऊक असतं. पहिल्या दिवशी कुस्त्यांमध्ये तग धरायला खावं-प्यावं लागतं, ते वजन रात्रीत पुन्हा उतरवायचं. ज्यांचं मूळ वजन गटापेक्षा बरंच वर आहे त्यांना ही दुसरी रात्र मारते. नियम बदलायला हवा या मताचा मी आहेच, पण त्यासाठी खेळच बघू नका म्हणणं म्हणजे काय?

खडकी_हॉकी

दोघेही एकट्यादुकट्याच्या खेळावर भांडताय. क्लबहाऊस म्हटलं की सांघिक खेळ. आणि ज्या गावात धनराज पिल्ले घडला, १९९२ ते २००४ ओळीनं चार ऑलिंपिक खेळला, तिथं हॉकीचं नाव कुणी काढत नाही, कमाल आहे.

४ ऑगस्ट २०२४, रविवार, उपांत्यपूर्व फेरी, समोर ग्रेट ब्रिटन. १७व्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड. हॉकीत लाल कार्डाला बदली खेळाडू नसतो, म्हणजे उरलेला ४० मिनिटांहून जास्त वेळ दहा जण. २२व्या मिनिटाला हरमनप्रीतचा गोल, २७व्याला बरोबरी, त्यानंतर दोन सत्रं नुसता बचाव, आणि शूटआउट ४-२. शूटआउट फुटबॉलसारखं नसतं बरं का: २३ मीटरच्या रेषेवरून चेंडू घेऊन निघायचं, ८ सेकंदांत गोल. आपला गोलरक्षक श्रीजेशनं गोल सोडून पुढे येऊन कोन कसा बंद केला तेवढंच पुन्हा पुन्हा बघावं.

अरुंद_गल्ली

हॉकीत टीव्हीवर चेंडू दिसतो का हो तुम्हाला? मला तर शिट्टी वाजल्यावर कळतं काहीतरी झालं.

खडकी_हॉकी

चेंडूच्या मागे धावलात तर नाहीच दिसणार. पेनल्टी कॉर्नरला हे करून बघा. बचावाला गोलरक्षक धरून पाच जण, मागच्या रेषेच्या पलीकडे. बाकीचे मध्यरेषेच्या पुढे. चेंडू आत ढकलला की पाचांतला एक सुसाट निघतो, थेट फ्लिक मारणाऱ्याच्या, म्हणजे चेंडू काठीनं ओढत गोलात फेकणाऱ्याच्या अंगावर. तो पहिला रशर. नजर त्याच्यावर ठेवा. चेंडू 'डी'च्या, म्हणजे गोलासमोरच्या अर्धवर्तुळाच्या बाहेर जायला हवा, मगच गोल करता येतो, तेवढाच वेळ रशरच्या हातात. सरळ फटका असेल तर गोलरेषेवर चेंडू ४६० मिलिमीटरच्या, म्हणजे गोलाच्या खालच्या फळीच्या वर जाता कामा नये. ड्रॅग फ्लिकला ती अट नाही. म्हणून सगळे फ्लिकच मारतात आणि म्हणून रशरला गुडघ्याची ढाल नि तोंडावर मुखवटा बांधून जीव धोक्यात घालावा लागतो. लवकर निघाला तर पंच त्याला मध्यरेषेवर पाठवतात आणि बचावाला चारच उरतात.

आता कळेल लाल कार्ड किती महागात पडलं. रोहिदास हा भारताचा पहिला रशर. त्या कार्डामुळे तो जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यालाही नव्हता. जर्मनीचा पहिला गोल पेनल्टी कॉर्नरवर, पेइलाटचा. सामना २-३ हरलो. केवळ त्यामुळे हरलो असं नाही म्हणत, पण त्या कॉर्नरला रशर कोण होता एवढं जरूर बघा.

बालेवाडीकर

खडकीकर, रशरचं मस्त लिहिलंय. पण सामना दीड-दोन तासांचा, आणि त्यातली उत्कंठा पाच-सहा कॉर्नरांची. बाकी वेळ लोक भजी आणायला उठतात. एकेक गोळी सुरू झाली की कुणी उठत नाही.

तीन_हजार

भजीवरून ठरवायचं तर ३००० मीटर स्टीपलचेस लावा. आठ-साडेआठ मिनिटांत खेळ खलास. २८ अडथळे, ७ वेळा पाणी. अडथळा ९१.४ सेंटिमीटरचा आणि हर्डलसारखा पडत नाही, तो जागेवर घट्ट असतो. पाय अडकला तर माणूस पडतो, अडथळा नाही. पॅरिसच्या अंतिम फेरीत शेवटच्या चक्करमध्ये गिरमा असाच पडला आणि स्ट्रेचरवरून गेला. बक्काली ८:०६.०५ला जिंकला, अमेरिकेचा रूक्स ८:०६.४१, किबिवॉट ८:०६.४७. आठ मिनिटं धावून तिघांत अर्ध्या सेकंदाहून कमी अंतर.

बीडचा अविनाश साबळे सुरुवातीला सगळ्यांच्या पुढे होता, शेवटी ८:१४.१८, अकरावा. 'अकरावा' म्हणून नाकं मुरडणाऱ्यांना एकच सांगणं, या शर्यतीच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत पोचलेला तो पहिला भारतीय पुरुष. तो पुढे का गेला तेही बघण्यासारखं आहे. गर्दीत समोरच्याच्या पाठीमुळे अडथळा उशिरा दिसतो, पावलांचा हिशोब चुकतो. पुढे राहिलं की अडथळा स्वच्छ दिसतो, पण वेग आपल्यालाच ठेवावा लागतो, आणि मागच्यांचे पाय शेवटच्या ४०० मीटरसाठी शिल्लक राहतात.

मुठाकाठ

नीरजचं नाव अजून कुणीच घेतलं नाही? लोक भालाफेकच लावणार, लिहून ठेवा.

बालेवाडीकर

लावतील. पण पॅरिसचा निकाल आठवा: अर्शद नदीमची ९२.९७ दुसऱ्या फेरीत, नीरजची ८९.४५ही दुसऱ्याच फेरीत. नीरजच्या सहापैकी बाकी पाचही फेकी फाऊल. वरचे दोन क्रमांक दुसऱ्या फेरीत ठरले आणि पुढे तास-दीड तास आपण नुसते बसलो.

तीन_हजार

ते आत्ता कळतंय! तेव्हा नीरज प्रत्येक वेळी धावपट्टीवर आला की वाटतच होतं. सहाही फेकी होईपर्यंत काही संपत नाही. तुमच्या नेमबाजीत बाद झालेला बाद. आणि फाऊल म्हणजे नुसती चूक नव्हे. भाला सुटल्यावर नीरज पुढे झेपावतो, हातावर पडतो. जास्त लांबीसाठी रेषेच्या जितकं जवळ जाल तितकी ती झेप रेषेपलीकडे जाण्याची भीती. साडेतीन मीटर मागे असलेला माणूस दुसरं करणार काय?

अरुंद_गल्ली

मध्येच एक: २०२८ला क्रिकेट आहे. टी-ट्वेंटी, पुरुषांचे सहा आणि महिलांचे सहा संघ. १९००ला पॅरिसमध्ये ब्रिटन-फ्रान्स एकच सामना झाला होता, त्यानंतर आत्ता. तेव्हा रिमोटचा वाद संपलेला आहे, तुम्ही उगाच टंकताय.

सदाशिव_पेठी

क्रिकेट वर्षभर बघतोच की. ऑलिंपिकचे सतरा दिवस तरी सोडा.

मुद्द्याचं बोलू. पॅरिस आपल्या साडेतीन तास मागे होतं, म्हणून बरंचसं दुपारी-संध्याकाळी मिळालं. लॉस एंजेलिस जुलैत साडेबारा तास मागे. तिथले सकाळचे १० म्हणजे आपले रात्रीचे साडेदहा. तिथले संध्याकाळचे ६ म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहा. आणि या वेळी ॲथलेटिक्स पहिल्या आठवड्यात, जलतरण दुसऱ्यात, नेहमीच्या उलट. म्हणजे शर्यतींच्या संध्याकाळच्या अंतिम फेऱ्या आपल्याला पहाटे-सकाळी, तेही उद्घाटनाच्या पाठोपाठ. तिथे सकाळी होणाऱ्या लढती आपल्याकडे रात्री उशिरा. क्लबहाऊस दहाला बंद होतं.

लालमाती

किल्ली कुणाकडे असते?

बालेवाडीकर

सेक्रेटरीकडे. आणि सेक्रेटरी टेनिसवाले आहेत.