व्हिपल ऑपरेशन: किती केलेला सर्जन चांगला? लवकर सांगा

संत्रानगरी_७८: बाबांचं व्हिपल (गाठीसकट स्वादुपिंडाचं डोकं काढायचं ऑपरेशन) करायचं म्हणून राहिले डॉक्टर, मंगळवारी. नागपुरात धंतोलीतले सर्जन तरुण आहेत. विचारलं तर म्हणाले, "पुष्कळ केलीत." पुष्कळ म्हणजे किती? किती झाल्यावर हात बसतो? आजच सांगा, उद्या पैसे भरायचे आहेत.

वैनगंगा: गाठ स्वादुपिंडाच्या डोक्यात की अँपुलात, म्हणजे पित्तनळी आतड्यात उघडते तिथं? काविळीचं बिलिरुबिन किती? पित्तनळी मोकळी करायला स्टेंट (बारीक नळी) टाकला का? वय?

नरेंद्रनगर_काकू: तेलकट बंद करा. मुगाचं पातळ वरण आणि मऊ भात द्या. आमच्या ह्यांना काविळीत तेवढंच पचायचं.

फेटरीवाला: उद्याच विदर्भ एक्सप्रेसनं मुंबईला, टाटात जा. माझ्या मामांचं तिथंच झालं. इथं जोखीम कशाला?

रेसिडेंट_होतो: मुंबईत नंबर लागेपर्यंत काय करायचं तेही सांगा.
मी अशा ऑपरेशनांत सहा तास पोट उघडं धरायचा रिट्रॅक्टर धरून उभा राहिलोय. गाठ काढणं अर्धंच काम. मऊ स्वादुपिंड आणि त्याची काडीएवढी नळी आतड्याला जोडायची, तो जोडच गळतो, म्हणजे लीक होतं. २००७ च्या एका अमेरिकी अभ्यासात सर्जनची ६० झाल्यावर रक्तस्राव आणि वेळ कमी झालेला दिसला. पण २००२ च्या मोठ्या अभ्यासात हिशोब हॉस्पिटलचा होता: स्वादुपिंडाची ऑपरेशनं वर्षाला १६ हून जास्त होत तिथं मृत्यू ३.८ टक्के, वर्षाला एकही धड होत नसे तिथं १६.३. लीक झालं तर रात्री दोनला ते ओळखणारा आयसीयू आणि रक्तस्राव थांबवणारा रेडिओलॉजिस्ट हवा. म्हणून "एकूण किती" नका विचारू. मागच्या वर्षी इथं किती झाली, लीक किती, दगावले किती, हे विचारा.

फेटरीवाला: म्हणजे मोठंच हॉस्पिटल. मी तेच सांगून राहिलो.

रेसिडेंट_होतो: मोठं नाही भाऊ, ज्यांच्याकडे हे नेमानं होतं ते. नागपुरातही असू शकतं.

वैनगंगा: पण बिलिरुबिन?

संत्रानगरी_७८: वय ६८. गाठ डोक्यात. बिलिरुबिन १९ होतं, गुरुवारी स्टेंट टाकला, आज १४. कालपासून थंडी वाजून ताप आहे, तो स्टेंटमुळे येतो ना?

रेसिडेंट_होतो: ताप आत्ता सांगता! पैशांचं उद्या बघा. पित्तनळीत संसर्ग असू शकतो. बाबांना घेऊन आत्ताच हॉस्पिटलला निघा, डॉक्टरांना फोन वाटेत करा.