शब्दचर्चा: जपानी शब्द ‘र’ने सुरू का होत नाहीत?

वाटाड्या: एक जपानी बालकथा मराठीत आणतोय. त्यात भावंडं ‘शिरितोरी’ खेळतात, म्हणजे शब्दांच्या भेंड्या. ताई धाकट्याला मुद्दाम ‘रु’वर आणून सोडते: सारु (माकड), काएरु (बेडूक), आहिरु (बदक). ‘रुसु’ (घरी कुणी नसणं) वापरून झाला की पोरगं रडकुंडीला. मराठीत ‘रु’ ठेवला तर रुमाल, रुपया, रुखवत... गंमतच जाते. कुठलं अक्षर घेऊ? आमच्या सेन्सेई (जपानीच्या बाई) म्हणायच्या, अस्सल जपानी शब्द ‘र’ने सुरूच होत नाही. मग रिंगो (सफरचंद) कुठून आलं?

ताकपिठलं: ळ घ्या की! फळ, बाळ, गूळ, कमळ. संपणारे ढीगभर, सुरू होणारा एक नाही.

ओसाकाकर: ळ चालणार नाही हो. तो त्यांच्या ‘न्’च्या जागी शोभेल. शिरितोरीत ‘न्’ने संपणारा शब्द म्हटला की तुम्ही बाद. ‘रु’ अवघड आहे, अशक्य नाही. मी ‘ठ’ घेईन: मीठ, पीठ, ओठ, गाठ. पुढच्याने ठसा, ठिणगी म्हणेपर्यंत घाम फुटतो.
सेन्सेईंचं बरोबर आहे. रिंगो चिनीतून आलेला, राजिओ इंग्रजीतून, राक्को (समुद्री पाणमांजर) ऐनू, म्हणजे उत्तर जपानातल्या आदिवासींच्या भाषेतून. ‘राशिइ’ (‘असं दिसतं’)सारखे देशी आहेत, पण ते दुसऱ्या शब्दाला चिकटून येतात.

बोरूबहाद्दर: म्हणजे 2019 पासूनचं, नव्या सम्राटाचं ‘रेइवा’ युगसुद्धा उसनंच? केवढा गाजावाजा झाला होता, आधीची नावं चिनी ग्रंथांतली, हे मात्र आपल्या ‘मान्योशू’ या प्राचीन काव्यसंग्रहातलं म्हणून!

ओसाकाकर: ग्रंथ जपानी, पण तो उतारा चिनीत लिहिलेल्या प्रस्तावनेतला. शब्दाचा उच्चारही चिनी वळणाचा. इथे कुणाला सांगायला जाऊ नका, चहा कडू होतो.

बोरूबहाद्दर: शुद्धिवाद्यांची सगळीकडे हीच तऱ्हा! हजारएक वर्षं तोंडात असलेला शब्द परका कसा? उद्या म्हणाल ‘दान्ना’ (यजमान, नवरा) आमचा, कारण मूळ संस्कृत ‘दान’. गंमत बघा, आपण मराठीत सुरुवातीचा स्वर गाळून ‘र’ मिळवला: अरण्याचं रान, अरघट्टाचा रहाट. आणि एडोकाळचे (सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातले) जपानी रशियाला म्हणायचे ‘ओरोशिया’. र टाळायला पुढे ओ!

ताकपिठलं: आमची आजी ‘इस्टेशन’ म्हणायची तसं.

ओसाकाकर: अगदी. मंगोल लोकही रशियाला ‘ओरोस’ म्हणतात, त्यांनाही सुरुवातीचा र जड. पण स्वर गाळणं जपानीतही आहे. ग, ज, द, ब यांनीही जुने देशी शब्द सुरू होत नसत. ‘इबारा’तला इ गळून ‘बारा’ (गुलाब) झाला, ‘इदाकु’चा ‘दाकु’ (कवेत घेणं). ‘दारे’ (कोण) मात्र पूर्वी ‘तारे’ होता.

मांडवीकाठ: ‘प’चं काय? 1603 साली नागासाकीत जेझुइट मिशनऱ्यांनी छापलेल्या जपानी-पोर्तुगीज कोशात फूल म्हणजे ‘फाना’ आहे, आजचं ‘हाना’. त्याहून जुना उच्चार ‘पाना’ मानतात. देशी शब्दांच्या तोंडी ‘प’ आता उरलाय तो ‘पिकापिका’ (लखलख) असल्या नादशब्दांत. त्यांचा ‘पान’ नि आमचा पाव, दोन्ही पोर्तुगीजच.

ताकपिठलं: मग साबणही? तिकडे ‘शाबोन’ आहे म्हणे.

बोरूबहाद्दर: साबण अरबी! ‘साबून’वरून. प्रत्येक वस्तू पोर्तुगिजांच्या जहाजातून उतरवायची हौस पुरे.

मांडवीकाठ: साहेब, साबूनचा साबण झाला तर ‘ण’ कुठून आला? बटण बघा, पोर्तुगीज ‘बोतांव’वरून. शेवटी तोच ण.

बोरूबहाद्दर: बटण इंग्रजी ‘बटन’वरून, शाळकरी पोरही सांगेल. आणि ‘ण’चंच म्हणाल तर ‘लालटेन’चं लालटेण म्हणणारी माणसं माझ्या गावात अजून आहेत.